वहीच्या शेवटच्या पानावरचा प्रश्न



सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, याचा आपणा सर्वांना सार्थ अभिमान आहे. मूल वर्गात आणून बसविणे कायद्याने साधते. त्याला बोलते करण्याचे काम मात्र शिक्षकाकडेच उरते. ते काम मला कितपत जमले, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

उकळत्या पाण्यातील बुडबुड्यांत हवा असते, असे मी एका वर्षी आठवीच्या वर्गात सांगून गेलो. तास संपताना, सवयीप्रमाणे, ‘काही शंका?’ असे विचारले आणि खडू खाली ठेवला. कोणाला शंका नव्हती. वर्षअखेरीस वह्या तपासताना एका अबोल मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ दिसली : ‘हवा असेल तर ती संपत कशी नाही?’ घरी मराठी आणि शाळेत गुजराती, अशी ती मुलगी. ओळ मराठीत होती.

तिचे म्हणणे खरे होते. पाणी तापू लागताना येणारे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात. खळखळून उकळताना येणारे पाण्याच्या वाफेचे. चूक माझी होती, आणि ती दुरुस्त करायला तो वर्ग आता माझ्यापुढे नव्हता.

मेरी बड रो या अमेरिकन विदुषीने १९७० च्या दशकात वर्गांचे निरीक्षण करून दाखविले, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यास एरवी गप्प राहणारी मुले बोलतात, स्वतःहून प्रश्नही अधिक विचारतात. मी पाठीमागे हात धरून बोटांवर तीन मोजू लागलो. ते तीन सेकंद किती लांब वाटतात, हे शिक्षकालाच कळेल!

पुढे मी ‘काही शंका?’ म्हणणे सोडले. तास संपण्यापूर्वी पाच मिनिटे शेजाऱ्याशी बोलून प्रत्येकाने एक प्रश्न चिठ्ठीवर लिहावा. नाव नको, भाषा कोणतीही चालेल. चिठ्ठी वाचताना ‘हे कोणाचे?’ असे विचारायचे नाही. हुशार मुलांना हा खटाटोप वाटला, आणि अभ्यासक्रमही थोडा मागे पडला, हे मी लपवीत नाही.

प्रश्नोपनिषदात पिप्पलाद ऋषी सहा जिज्ञासूंना सांगतात, की वर्षभर राहा, मग विचारा. मला ठाऊक असेल तर सांगेन. त्यातले ते ‘ठाऊक असेल तर’ वर्गात उच्चारायला मला फार वर्षे लागली. एका चिठ्ठीत होते, ‘आरशात डावे-उजवे बदलते, मग वर-खाली का नाही?’ मी फळ्यावर प्रश्न लिहिला, खाली ‘मला ठाऊक नाही’ असे लिहिले, आणि संध्याकाळी याच ग्रंथालयाच्या पायऱ्या चढलो. उत्तर नीट सांगता यायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी चिठ्ठ्यांच्या डब्याचे झाकण बसत नव्हते.