तिकिटामागची बारीक अक्षरं



१६ मार्च २००२ रोजी अमेरिकेतल्या कोलंबस शहरात, बंदिस्त स्टेडियममध्ये आइस हॉकीचा सामना बघणाऱ्या १३ वर्षांच्या मुलीच्या डोक्याला खेळातली रबरी चकती उडून लागली. दोन दिवसांनी ती गेली. 'धोका प्रेक्षकाने पत्करलेला आहे' असं तिकिटामागे छापायची तिथे रीतच आहे. तरी २००४ मध्ये तिच्या कुटुंबाला १२ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. २००२-०३ च्या हंगामापासून दोन्ही गोलांमागे जाळ्या सक्तीच्या झाल्या. उपाय इतका साधा होता!

आपल्याकडे अपघात झाला की विचारतात, 'मुलींना गर्दीत पाठवता कशाला?' आपण विचारू या : जाळी कुठे होती? दरवाजे उघडे होते का? जबाबदार कोण? मुलींना घरी बसवणं ही सुरक्षितता नव्हे.