डब्याचं वय आणि डब्याचा इतिहास

(खारघर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मे महिना सरत आला की आपल्या घरांतल्या फ्रीझरमध्ये बोट शिरवायला जागा उरत नाही. आमरस, खवलेला नारळ, सोललेले मटार असतातच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, म्हणून बांगड्या-सुरमईची बेगमी होते. कोकणातून येऊन पनवेलला उतरणारा पाहुणाही हातात डबा घेऊनच उतरतो. मग दिवाळीनंतर कधीतरी तळाशी बर्फाने माखलेला एक डबा सापडतो आणि घरात वाद सुरू होतो: खायचं की टाकायचं?

माझं म्हणणं आधीच सांगते. डबा किती महिन्यांचा, हा प्रश्न दुसरा. त्या डब्याच्या बाबतीत काय काय घडलं, हा पहिला.

उणे १८ अंश सेल्सिअसला जंतूंची वाढ थांबते. तिथे सलग राहिलेला पदार्थ वर्षाने काढला तरी केवळ जुना झाला म्हणून बाधत नाही. बिघडते ती चव. बर्फाची थेट वाफ होत राहते, तुकडे कोरडे आणि पांढरट पडतात. बांगड्यासारख्या तेलकट माशाला दोन-तीन महिन्यांतच खवट वास येऊ लागतो. पण जंतू थंडीने मरतात असं मात्र समजू नका. २०१८ साली युरोपातल्या पाच देशांत ४७ जण लिस्टेरिया या जंतूमुळे आजारी पडल्याचं आणि त्यांतले ९ दगावल्याचं जाहीर झालं. माग काढल्यावर तो गोठवलेल्या मक्यापर्यंत पोचला. म्हणून फ्रीझरमधला मका, मटार उकळूनच खावा.

आता इतिहास. तो गोठवण्याआधीच सुरू होतो. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न दोन तासांत, आणि आपल्या मे महिन्यात तर तासाभरात, थंडाव्यात गेलं पाहिजे. भाताचं भरलं पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं तर वरून गार लागतं. मधे तो तासन्‌तास कोमट असतो. तेवढ्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू विष तयार करतो आणि ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. बांगडा, सुरमई, कुपा बर्फाविना राहिले की त्यांत हिस्टामिन साठतं. तेही ना गोठवून नाहीसं होतं, ना तळून. वासावरून त्याचा पत्ता लागेलच असं नाही. म्हणून कोकणातल्या डब्याला विचारायचं ते हे: प्रवासात बर्फ शेवटपर्यंत टिकला होता का?

पुढचा अध्याय फ्रीझरच्या आत. दारावरचे तारे वीजबचतीचे आहेत, गारव्याचे नव्हेत. एकदारी फ्रिजचा वरचा कप्पा उणे १८ला पोचतोच असं नाही. आत थर्मामीटर ठेवून खात्री करून घ्या. या फ्रिजमध्ये साठलेला बर्फ काढायला आपण रात्री बटण दाबतो. सकाळी खालच्या ट्रेमध्ये पाणी दिसतं, ते ओतून आपण मोकळे होतो. पण त्या पाण्याबरोबर डबेही सैल झालेले असतात आणि दुपारपर्यंत पुन्हा दगड होतात. बर्फ काढायचा तो डबे संपत आल्यावर.

आणि वीज. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली होती. सोसायटीचा जनरेटर लिफ्टला आणि पंपाला पुरतो, आपल्या फ्रिजला नाही. दार उघडलं नाही तर गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४. गावाला जाताना वाटीत पाणी गोठवा आणि वर एक नाणं ठेवा. परतल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर तुमच्या मागे सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे. मग मासे-मटणाचा मोह नको. वितळतानाच सापडलेल्या पदार्थात बर्फाचे कण शिल्लक असतील, तर तो परत गोठवायला हरकत नाही.

डबा चांगला निघाला तरी तो ओट्यावर नव्हे, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर सुटू द्यावा आणि आमटी-रस्सा खळखळून उकळावा.

अन्न टाकणं पाप, या संस्कारात आपण वाढलो आणि तो संस्कार मला मोलाचा वाटतो. म्हणूनच आजी-आजोबा संशयाचा घास स्वतःच्या ताटात ओढून घेतात. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई आणि ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग रुग्णालयात उपचार घेणारे, यांनाच तो घास सर्वांत महाग पडतो. अन्नाचा मान ठेवायचा तो डबा आत ठेवताना: पसरट ताटात लवकर निववून, एका वेळच्या वाटणीने, वर पदार्थ आणि तारीख लिहून. एवढं केलेला डबा निश्चिंतपणे खा. ज्याची हकिकत घरात कुणालाच सांगता येत नाही, तो मनाला लावून न घेता टाकून द्या.