मातीविना उसाचे रोप : खत केव्हा आणि किती?

(कोपरगाव परिसरातील शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



ट्रेमध्ये कोकोपीट भरून एक डोळा उसाची रोपे करण्याची पद्धत आता तुमच्या परिचयाची आहे. पाच बाय दोन फुटांवर लागण केली तर एकरी 4,356 रोपे लागतात. ती एकसारखी हवीत. खुरटे रोप शेतात गेले की फुटवे उशिरा येतात आणि शेजारच्या उसाखाली ते दबते. म्हणून आज रोपाच्या खुराकाविषयी बोलतो.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तो ओल धरतो, मुळांना हवा देतो, पण त्यात अन्न जवळजवळ नसते. त्यातील कर्ब-नत्राचे प्रमाण सुमारे 100 ला 1 असल्याने दिलेल्या नत्रातील काही वाटा जिवाणूच वापरतात. मग कोवळे रोप जगते कशावर? डोळ्याजवळच्या कांडीतील साठ्यावर. यंत्राने लावण्यासाठी भाताची रोपे मातीविना वाढवतात, तेथेही दाण्यातील साठा साधारण तीन पानांपर्यंतच पुरतो. पुढे खत आपणच द्यायचे.

म्हणून पहिले 12 ते 15 दिवस फक्त पाणी द्या. दोन-तीन पाने उघडली की 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 15 ग्रॅम घेऊन आळवणी करा. पुढे आठवड्याच्या अंतराने लिटरला 2 ग्रॅमप्रमाणे दोन वेळा द्या. कोरड्या कोकोपीटवर खत कधीही देऊ नका. आधी हलके पाणी द्यावे. नत्राचा अतिरेक केला तर शेंडा माजतो, मुळे कमी राहतात आणि रोप काढताना गड्डा फुटतो.

आता आपल्या भागातील खरी अडचण. गोदावरी कालव्यांच्या लाभक्षेत्रात अनेक विहिरींचे पाणी खारवट आहे. खत हेही क्षारच. खारट पाण्यात खत मिसळले की क्षार आणखी वाढतात आणि पानांचे शेंडे करपतात. शेतकरी समजतो खत कमी पडले, आणि आणखी खत देतो! तेव्हा पाणी आधी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. विद्युत वाहकता 1 च्या आत असेल तर रोपवाटिकेला उत्तम. जास्त असल्यास पावसाचे किंवा पाटाचे पाणी मिसळा. कोकोपीटही भरण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुऊन घ्या.

पानांची भाषाही ओळखा. खालची पाने पिवळी पडली तर नत्र कमी. कोवळे पान पिवळे पण शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी. अशा वेळी चिलेटेड लोहाची फवारणी करावी.

लागणीपूर्वी चार-पाच दिवस खत बंद करून पाणी कमी करा, म्हणजे रोप काटक होईल. यंदा निदान दोन ट्रे वेगळे ठेवून त्यांना फक्त पाणी द्या आणि फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.