वापरलेली वेगवान मोटार आणि थांबण्याचा हिशेब

परफॉर्मन्स कार म्हणजे नुसती महाग मोटार नव्हे. जिचे इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन आणि टायर हे चारही घटक गाडी वेगाने व अचूक चालवता यावी याच हेतूने एकमेकांशी जुळवलेले असतात, तिला हे नाव लागते. म्हणूनच पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होऊन 2015 मध्ये 9 लाख 95 हजार रुपयांना बाजारात आलेली 145 अश्वशक्तीची फियाट अबार्थ पुंटो या वर्गात बसते, आणि तिच्या तिप्पट किमतीच्या कित्येक आरामशीर गाड्या बसत नाहीत. अशी मोटार घेऊ पाहणाऱ्याला आज शोरूममधून नवी घ्यावी की तीन-चार वर्षे थांबून तीच गाडी वापरलेली घ्यावी, हे आधी ठरवावे लागते. बंगळुरूच्या उत्तरेस, बल्लारी रस्ता आणि आउटर रिंग रोड जेथे मिळतात त्या हेब्बाळमध्ये, जेथील उड्डाणपुलावरून रविवारी पहाटे नंदी टेकडीच्या दिशेने अशा मोटारी जाताना दिसतात, या प्रश्नाला कर्नाटकच्या करपद्धतीमुळे वेगळे वळण मिळते. आणि पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त येऊन तेथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपुढे त्यातच ‘पासिंग’चा, म्हणजे गाडी कोणत्या राज्यात नोंदलेली आहे याचा, प्रश्न उभा राहतो.

थांबण्याच्या बाजूने जो युक्तिवाद नेहमी केला जातो तो घसाऱ्याचा, म्हणजे वापर व वय यांमुळे वस्तूच्या किमतीत होणाऱ्या घटीचा आहे. विमा कंपन्या गाडीची विमायोग्य किंमत ठरवताना जे कोष्टक वापरतात, त्यात सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, एक वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50 टक्के घसारा धरला जातो. हे कोष्टक पाहिले की पहिल्या मालकाने अर्धी किंमत सोसायची आणि दुसऱ्याने गाडीचा आनंद घ्यायचा, असा हिशेब सहज मनात येतो. सर्वसाधारण कौटुंबिक गाडीच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. वेगवान मोटारीच्या बाबतीत मात्र तो भारतात अनेकदा फसतो, कारण घसाऱ्याचा नियम बाजारात माल पुरेसा असेल तरच लागू पडतो आणि या गाड्यांचा माल मुळातच मोजका असतो.

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस या गाडीचा इतिहास येथे सविस्तर पाहण्यासारखा आहे. 2017 मध्ये 230 अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस 24 लाख 62 हजार रुपये या एक्स-शोरूम किमतीला, म्हणजे रस्ताकर व विमा धरण्यापूर्वीच्या किमतीला, आली. परदेशातून आलेले सुटे भाग त्या वेळच्या औरंगाबादेतील, आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, कारखान्यात जुळवून ती तयार होत असे, आणि किंमत आवाक्यात राहिली ती त्यामुळेच. 2020 मध्ये तिची 245 अश्वशक्तीची आवृत्ती आली ती पूर्ण बांधलेल्या अवस्थेत आयात होऊन. तिची किंमत 35 लाख 99 हजार होती आणि संपूर्ण देशासाठी गाड्या होत्या केवळ 200. पुढे 2025 च्या ऑक्टोबरमध्ये 265 अश्वशक्तीची नवी आरएस 49 लाख 99 हजारांना जाहीर झाली तेव्हा संख्या 100 वर आली होती, आणि त्या सगळ्या गाड्या औपचारिक अनावरणापूर्वीच आरक्षित झाल्या होत्या. आठ वर्षांत किंमत दुप्पट झाली आणि उपलब्धता आटत गेली. अशा स्थितीत 2017 च्या गाडीच्या मालकाला भाव पाडून विकण्याची घाई कशासाठी असावी? विम्याचे कोष्टक तिला निम्म्यावर आणते, परंतु तिची खरी बरोबरी ज्या नव्या गाडीशी व्हायची तीच दुप्पट महाग झाल्यामुळे जुन्या गाडीचा भावही वर ओढला जातो.

संख्या इतकी थोडी असण्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीच्या प्रत्येक नव्या मॉडेलला होमोलोगेशन नावाच्या मान्यता-चाचणीतून जावे लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, ही अशी चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी प्रमुख संस्था होय. परदेशात प्रमाणित झालेल्या गाड्या वर्षाला 2500 पर्यंत आणल्यास या चाचणीतून सूट मिळते, त्यामुळे कंपन्या चाचणीचा व येथील जुळणीचा खर्च टाळून थोड्या गाड्या आयात करतात. मात्र आयातशुल्काचा बोजा त्या गाड्यांवर पडतोच आणि ग्राहक आणखी कमी होतात.

याउलट ज्या वेगवान गाड्या भारतातच सातत्याने जुळवल्या जातात, त्यांच्यासाठी थांबणे शहाणपणाचे आहे. बीएमडब्ल्यू एम340आय ही 387 अश्वशक्तीची सेडान 2021 च्या मार्चमध्ये 62 लाख 90 हजारांना आली, ती चेन्नईजवळच्या कारखान्यात जुळवलेली होती. तिचे उत्पादन पुढेही चालू राहिल्यामुळे दरवर्षी काही मालक नव्या आवृत्तीकडे वळतात आणि त्यांच्या गाड्या बाजारात येतात. त्यामुळे निवड करता येते, आणि एखाद्या गाडीची सर्व्हिसची नोंद अपुरी वाटली तर ती सोडून दुसरी पाहण्याची मोकळीक मिळते. वापरलेली गाडी घेताना ही मोकळीक किमतीइतकीच मोलाची असते.

आता कराचा मुद्दा. कर्नाटकात 20 लाखांवरील पेट्रोल मोटारीवर 18 टक्के आजीवन कर आणि त्या कराच्या रकमेवर 11 टक्के उपकर आकारला जात आल्याने, एकूण भार एक्स-शोरूम किमतीच्या जवळजवळ 20 टक्के होतो. या हिशेबाने सुमारे 50 लाखांच्या गाडीवर 10 लाख आणि 62 लाख 90 हजारांच्या गाडीवर साडेबारा लाखांहून अधिक रक्कम पहिल्याच दिवशी सरकारजमा होते. हा कर गाडीच्या आयुष्यभरासाठी एकदाच भरायचा असल्याने, त्याच राज्यातील दुसऱ्या मालकाला तो पुन्हा भरावा लागत नाही. पहिल्या मालकाला मात्र विक्रीच्या वेळी तो पूर्णपणे वसूल करता येत नाही, कारण ग्राहक गाडीची तुलना नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीशी करतो. हेब्बाळमधील ग्राहकाने थांबून जे मिळवायचे त्यातला सर्वांत खात्रीचा भाग हाच आहे, आणि केए-04 किंवा केए-50 अशा स्थानिक पाटीच्या गाडीसाठी थोडी अधिक किंमत मोजणे योग्य ठरते ते याच कारणाने.

महाराष्ट्रात 20 लाखांवरील पेट्रोल गाडीला 13 टक्के कर लागतो, म्हणून एमएच पासिंगची गाडी कोल्हापूर-बेळगाव मार्गे बंगळुरूला आणावी असा मोह मराठी घरांत नेहमी होतो. परंतु मोटार वाहन कायद्यानुसार परराज्यात 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओकडून ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी, आणावे लागते, कर्नाटकचा कर भरावा लागतो आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा वेगळा अर्ज करून मागावा लागतो. गाडीचे वय वाढते तसा कर्नाटकातील कर पायरीपायरीने उतरतो, हे खरे. परंतु त्याचा पाया गाडीची मूळ किंमत हाच असतो. 2025 च्या जुलैमध्ये बंगळुरूत महाराष्ट्र पासिंगच्या एका फेरारीच्या मालकाला सुमारे 1 कोटी 42 लाख रुपये कर व दंडापोटी भरावे लागले. दिल्लीत डिझेल गाड्यांना दहा आणि पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांची मर्यादा घातल्यामुळे तिकडून स्वस्तात दक्षिणेला येणाऱ्या गाड्यांनाही हाच हिशेब लागू होतो.

थांबण्याचा फायदा कधीकधी नव्या गाडीच्या ग्राहकालाही मिळतो. 2016 च्या अखेरीस 25 लाख 99 हजारांना आलेली तीन दारांची फोक्सवॅगन पोलो जीटीआय वर्षभरात 19 लाख 99 हजारांवर आली. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरचा 28 टक्के जीएसटी व त्यावरील अधिभार जाऊन सरसकट 40 टक्के कर झाला, तेव्हाही नव्या गाड्या एका दिवसात स्वस्त झाल्या आणि नुकत्याच घेतलेल्या गाड्यांचे बाजारमूल्य त्याबरोबर खाली आले.

गाडी सापडल्यानंतरची पाहणी ही खरी कसोटी असते, आणि येथे घाई करणे अक्षम्य आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 2321 याचा अर्थ 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. 12 हजार किलोमीटर चाललेली म्हणून दाखवलेली गाडी जर दुसऱ्या टायरसंचावर उभी असेल, तर ते किलोमीटर तरी खोटे किंवा ते शर्यतीच्या ट्रॅकवर घातलेले, असे समजावे. ब्रेकच्या चकतीच्या कडेवर बोट फिरवले असता उंचवटा लागला तर चकती झिजलेली आहे. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल, तर पत्रा कधीतरी उतरवला गेला आहे. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ‘रिमॅप’: इंजिनाच्या संगणकातील आज्ञा बदलून ताकद वाढवायची आणि विकण्यापूर्वी मूळ आज्ञा परत भरायच्या, हे करणे सोपे असते, पण त्या काळात टर्बो व क्लचवर पडलेला ताण परत घेता येत नाही. म्हणून स्वतंत्र कारागिराकडून स्कॅनर लावून तपासणी, गिअरबॉक्सचे तेल बदलल्याच्या पावत्या आणि अधिकृत केंद्रातील संपूर्ण नोंद यांवाचून व्यवहार करू नये.

व्यवहारानंतर फॉर्म 29 व 30 भरून मालकी नावावर करावी आणि विम्याचे हस्तांतर चौदा दिवसांत मागावे; पहिल्या मालकाचा नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सवलत, त्याच्याकडेच राहते, त्यामुळे विम्याचा हप्ता वाढतो हे आधीच धरावे. वापरलेल्या गाडीच्या कर्जाला व्याजही सहसा जास्त असते. 2025 पर्यंत पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले असून त्याला जुळणारे भाग नव्या गाड्यांत एप्रिल 2023 पासून बसवले जात आहेत. म्हणून 2017 च्या आरएसच्या ग्राहकाने इंधनाच्या नळ्या व सांध्यांतील सील तपासून घ्यावेत. त्या गाडीच्या पहिल्या नोंदणीची पंधरा वर्षे 2032 मध्ये संपतात; तेथून पुढे योग्यता-तपासणी करून पाच-पाच वर्षांची मुदत घ्यावी लागते, त्यामुळे आणखी चार वर्षे थांबून ती घेणाऱ्याच्या हाती पहिल्या मुदतीचा फारच थोडा काळ उरेल.