निघण्यापूर्वीचे पंधरा दिवस

(मंडळाच्या कोजागरीच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

नर्मदे हर!



दूध आटेपर्यंतच बोलायचे, अशी कार्यवाहांची ताकीद आहे. त्यामुळे वाटेतल्या अनुभवांबद्दल आज बोलत नाही. त्यासाठी गोनीदांचे 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आहे, जगन्नाथ कुंटे यांचे पुस्तक आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ती वाचलेली आहेत. गेल्या वर्षी देवउठनी एकादशीनंतर आम्ही ओंकारेश्वरहून बडवानीजवळच्या राजघाटापर्यंत दक्षिण तटाने पायी गेलो. यंदा आपल्यातले काही जण निघणार आहेत. त्यांनी विचारले, शेवटच्या पंधरा दिवसांत तुम्ही काय केलेत? तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट संकल्पाची. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब. दोन्ही तट धरले की अडीच हजारांच्या वर चाल होते. आम्ही नोकरदार माणसे, एवढी रजा कुठली मिळायला? जबलपूरचे अमृतलाल वेगड तुकड्या-तुकड्यांनी चालले, हा आम्हाला आधार होता. पण मनात एक खटका होता. परिक्रमावासी नर्मदा ओलांडत नाही, आणि राजघाटाहून इंदूरला परतायचे म्हणजे ती ओलांडणे आलेच. मग पूर्ण परिक्रमेचा संकल्प कसा सोडायचा? ओंकारेश्वरच्या एका वृद्ध पुरोहितांना विचारायला आम्ही आधी एकदा जाऊन आलो. ते म्हणाले, "जितना चलोगे, उतने का ही संकल्प लो. मैया से झूठ मत बोलो." आमचे ओझे निम्मे तिथेच उतरले. त्यांनी आणखी एक सांगितले. ओंकारेश्वराचे मंदिर बेटावर आहे, तेव्हा त्याचे दर्शन संकल्पाच्या आधी घ्या. संकल्पानंतर तिकडे जाता येत नाही. हे ध्यानात ठेवा, नाहीतर ऐनवेळी चुटपुट लागते.

दुसरी गोष्ट पाठीवरच्या पिशवीची. आम्ही बांधकामाच्या खात्यातले डिप्लोमावाले, त्यामुळे आधी एस्टिमेट केले. चौघांच्या पिशव्या भरल्या आणि रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला लावल्या. सर्वांत जड साडेतेरा किलोची निघाली. छोटा गॅस, दोन भांडी, चार जोड कपडे, जाड ब्लँकेट, दोरी, दोन टॉर्च, आणि एकाच्या पिशवीत तर इस्त्रीचा शर्ट. रविवारी ती पाठीवर घेऊन रालामंडलच्या टेकडीवर चढलो आणि उतरल्यावर तिथेच रिव्हाइज्ड एस्टिमेट केले. नियम एकच ठेवला. 'लागलेच तर' म्हणून घेतलेली वस्तू बाहेर, 'रोज लागते' ती आत. दक्षिण तटावर आश्रमांत आणि गावांत सदावर्त मिळते, कुठे शिजवलेले, कुठे कोरडा शिधा. गॅस लागत नाही. शेवटी दोन जोड कपडे, हलके पांघरूण, चटई, ताट-तांब्या, औषधे, नर्मदाजलाची कुपी आणि काठी एवढेच राहिले. पिशवी साडेसहा किलोवर आली.

बूट नवे घालून निघू नका. दोन महिने आधी घ्या आणि शेवटचे पंधरा दिवस भाजी आणायलासुद्धा तेच घाला. नखे निघण्याच्या चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. गादी सोडून जमिनीवर झोपायला लागा आणि गार पाण्याने आंघोळ करा. घरचे हसतात, हसू द्यात.

तिसरी गोष्ट वाटेची. पुस्तकात वाचलेल्या वाटा आता सगळ्या शिल्लक नाहीत. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे. २०१९ साली धरण प्रथमच तिथपर्यंत भरले. बडवानीच्या बाजूला पावसाळ्यानंतर फुगवट्याचे पाणी जुन्या वाटांवर उभे असते. म्हणून आम्ही नकाशावर फक्त मुक्काम ठरवले, वाट त्या-त्या गावात विचारायची. रोज सोळा-सतरा किलोमीटर, त्याहून अधिक नाही. एक मुक्काम रावेरखेडीचा आवर्जून ठेवला. थोरल्या बाजीरावांची समाधी याच तटावर आहे. तिथे नमस्कार न करता पुढे जाणे आपल्या माणसाला जमायचे नाही.

कागद थोडे लागतात. आधारची प्रत, दोन फोटो, परिक्रमेचा दाखला. सरकारी माणसाने मुख्यालय सोडण्याची परवानगी लेखी घ्यावी. आमच्या एकाची रजा मंजूर झाल्याचा कागद निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता हातात पडला. तोपर्यंत पिशवी दाराशी आणि माणूस टेबलाशी! घरी एका वहीत सिलिंडरचा नंबर, विजेच्या बिलाची तारीख, आईच्या गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवा. वाटेत पाय दुखतात ते सोसते, पण घरची काळजी चालू देत नाही.

आता शेवटची गोष्ट. मघाशी आम्ही चौघांच्या पिशव्या म्हणालो. गेलो मात्र तिघेच.

निघायच्या आठ दिवस आधी सगळ्यांनी तपासणी करून घ्यावी, असे ठरले होते. खरे सांगायचे तर उपचार म्हणूनच. आमच्यातल्या एकाला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, रोज चालतो. डॉक्टरांनी त्याचे डोळे मिटायला लावून तळपायाला बारीक नायलॉनचा धागा टेकवला. "लागला की सांगा." पाच-सहा ठिकाणी टेकवला, तो काहीच बोलला नाही. त्याला वाटले, डॉक्टरांनी अजून सुरुवात केलेली नाही. संवेदना कमी झाली की फोड आलेला कळत नाही, जखम चिघळल्यावर कळते. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटले.

तो म्हणाला, "अरे, मी हळू चालेन. रोज रात्री पाय बघा तुम्ही." त्यानेच आम्हा सगळ्यांना या वाटेला लावले होते. आम्ही दोन दिवस हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. फोन आला की पिशवीचे, हवेचे बोलायचो. तिसऱ्या दिवशी तिघे मिळून त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि त्या आतच थांबल्या. आम्ही सांगितले, "तू येऊ नकोस." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दोन दिवस आधी सांगायला हवे होते. मी रोज पिशवी भरत होतो."

ते आम्हाला अजून बोचते. सगळी तयारी आम्ही वेळेवर केली, एवढी एक मात्र उशिरा. यंदा निघणाऱ्यांना म्हणून हात जोडून सांगणे आहे. तपासणी महिनाभर आधी करा, आणि ज्याला नाही म्हणायचे त्याला त्याच दिवशी, समोर बसून म्हणा.

वाटेत रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन यायचा. गावाचे नाव सांगितले की तो नकाशावर खूण करायचा. राजघाटावर आम्ही त्याच्या नावाची एक कुपी भरून आणली. या माघात त्याने बसने परिक्रमा केली. ते बूट त्याने पुतण्याला दिले. तो पुतण्या यंदा निघणाऱ्यांत आहे, आणि आज समोरच्या रांगेत बसला आहे. बूट घालूनच आला आहे, ते बरे केले.

दूध आटले असावे. नर्मदे हर!