राणी चांगली, तर पेटी भरलेली

येडशीच्या शिवारात करडई, सूर्यफूल फुलले की मधपेट्या ठेवाव्यात असे वाटते. पण पेट्या किती, यापेक्षा पेटीतली राणी कशी, हे आधी पाहावे.

राणी आणि कामकरी माशी एकाच प्रकारच्या अंड्यातून जन्मतात. फरक पडतो आहाराने. राणी अचानक मेली, तर माश्या घाईने मोठ्या अळीचीही राणी करतात. तिची वाढ अपुरी राहते, अंडी कमी पडतात, वसाहत खंगते.

म्हणून जाणता मधपाळ शांत, निरोगी, भरपूर मध देणारी वसाहत निवडतो. तिच्यातली एका दिवसाच्या आतली अळी मेणाच्या वाटीत ठेवून, तरुण माश्यांनी भरलेल्या बिनराणीच्या पेटीत देतो. अंड्यापासून साधारण १६व्या दिवशी राणी बाहेर पडते. पहिली राणी बाकीच्यांना मारते, म्हणून राणीकोष आधीच वेगवेगळ्या पेट्यांत द्यावेत.

राणीचे मीलन मात्र उघड्या आकाशात, अनेक नरांशी होते. ते नर शेजाऱ्याच्या पेटीतलेही असतात. तेव्हा एकट्याने राणी सुधारून भागत नाही. गावाने मिळून चांगल्या वसाहती जोपासाव्यात आणि फुलोऱ्यात विषारी फवारणी टाळावी. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत मधमाशीपालनाचे शिक्षण मिळते. आधी शिकावे, मगच पेट्या वाढवाव्यात.