श्वेडगोनच्या पायऱ्यांवर

यांगून, म्हणजे पूर्वींचें रंगून, येथील श्वेडगोन पॅगोड्याच्या पायऱ्यांशीं जोडे व मोजे दोन्ही काढावे लागतात. अनवाणी वर गेलों, तों सुमारें ९९ मीटर उंचीचा सोनेरी स्तूप पुढें उभा! उपडें भिक्षापात्र, त्यावर कमळाच्या पाकळ्या, मग केळफूल आणि शेवटीं छत्र, अशी त्याची घडण आहे. भिक्षापात्राचा पाया आणि छत्राचा कळस!

स्तूपाभोंवतीं आठ वारस्थानें आहेत, कारण ब्रह्मी लोक बुधवारचे दोन भाग मानतात. जो तो आपल्या जन्मवाराच्या बुद्धमूर्तीला पाणी घालतो. माझा वार सोमवार, त्याचें चिन्ह वाघ. भाषा कळत नसतांहि एका आजीबाईंनीं माझ्या हातीं पेला दिला.

१८७१ सालीं मिंडॉन राजानें मंडालेहून या स्तूपासाठीं रत्नजडित छत्र पाठविलें. इंग्रजांनीं छत्र येऊं दिलें. राजाला मात्र येऊं दिलें नाहीं. १८५२ पासून १९२९ पर्यंत येथें त्यांच्या फौजेचें ठाणें होतें आणि गोरे लोक बुटांसह वावरत. त्याविरुद्ध ब्रह्मी जनतेनें चळवळ केली.

देवळाच्या दाराशीं आपण सहज वहाणा काढतों. तेवढ्यासाठीं या लोकांना झगडावें लागलें, हें उतरतांना मनांतून जाईना.